नातू झाडे तोडतो आणि आजोबा अबोला धरतात

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल येथे राहतो. मुलगा दहावीत आहे. शाळेच्या पर्यावरण मंडळाबरोबर तो गेल्या वर्षापासून अधूनमधून शनिवारी जवळच्या फॉरेस्ट प्रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव जंगलात, स्वयंसेवक म्हणून जातो. तिथे देशी झाडे आणि प्रेअरीची, म्हणजे इथल्या मूळच्या गवताळ माळांची, गवते पुन्हा वाढवण्याचे काम चालते, असे आम्हाला सांगितले होते. माझे सासरे जुलैपासून आमच्याकडे आहेत आणि डिसेंबरात परत जातील. ते सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी मुख्याध्यापक होते आणि दर पावसाळ्यात शाळेतल्या मुलांना घेऊन त्यांनी गावाभोवती पुष्कळ झाडे लावली. परवाच्या शनिवारी नातवाला आणायला ते माझ्याबरोबर आले, तेव्हा मुले करवतीने हिरवीगार झाडे कापत होती आणि शेजारी फांद्यांचा ढीग पेटलेला होता. ‘सेवेच्या नावाखाली पोरांना वृक्षतोड शिकवतात,’ असे ते म्हणाले. त्यावर मुलाने ‘आजोबा, तुम्हाला यातले काही कळत नाही,’ असे तोंडावर सांगितले. तेव्हापासून दोघांत अबोला आहे. मुलाला आता मागच्या अंगणातले लॉन काढून तिथेही प्रेअरी लावायची आहे. यजमान म्हणतात की महाविद्यालयाच्या अर्जात दाखवायचे सेवातास पुरेसे झाले, आता एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला लागावे. मला मात्र तणनाशक, आग आणि गोचिडांची धास्ती वाटते. काय करावे?

— एक आई, नेपरव्हिल

उत्तर

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातला सर्वांत नाजूक प्रश्न आजोबा आणि नातू यांच्यातल्या अबोल्याचा आहे, म्हणून आधी तो घेते. आजोबांनी जे पाहिले ते चुकीचे पाहिले नाही. मुले खरोखरच झाडे तोडत होती. फक्त ती कोणती झाडे होती आणि कोणासाठी तोडली जात होती, हे त्यांना तिथे कोणी सांगितलेले दिसत नाही. तुमच्या मुलाने ते सांगायला हवे होते. त्याऐवजी त्याने उलट उत्तर दिले. कामाबद्दल त्याने माघार घेण्याचे कारण नाही, पण त्या वाक्याबद्दल त्याने आजोबांची क्षमा मागावी आणि ती कामाचे समर्थन न जोडता मागावी.

तुमच्या भागात ऑक्टोबरात जे हिरवेगार झाड कापले जाते, ते बहुधा बकथॉर्न असते. युरोपातून आलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात हे झाड कुंपणासाठी आणले. त्याची काळी फळे पक्षी खातात आणि ती रेचक असल्यामुळे बी दूरवर पसरते. लाइल येथील मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षउद्यानाने शिकागो परिसरातील झाडांची गणना केली, तेव्हा संख्येने सर्वांत जास्त भरलेले झाड ओक किंवा मेपल नव्हते, तर बकथॉर्न होते. इथल्या देशी झाडांना पालवी फुटण्याआधी त्याला पालवी येते आणि त्यांची पानगळ होऊन गेल्यावरही त्याची पाने टिकतात. त्यामुळे वसंतात जमिनीवर पडायला हवा तो उजेड पडत नाही. त्याचा पालापाचोळा लवकर कुजून जातो, खालची माती उघडी पडते आणि पावसाने वाहून जाऊ लागते. दोनशे वर्षांचा बर ओक वर उभा असतो, दरवर्षी जमिनीवर ओकफळे टाकतो, पण खालच्या गर्द सावलीत त्याचे एकही रोप तग धरत नाही. हे सर्व बाहेरून पाहणाऱ्याला मात्र घनदाट, हिरवे, निरोगी जंगल वाटते. ऑक्टोबरच्या अखेरीस जंगलाच्या तळाशी जेवढे हिरवे उरते त्यातले बरेचसे बकथॉर्नच असते, आणि आजोबांना नेमके तेच दिसले असावे.

आता एक गोष्ट तुम्ही मुलाला आवर्जून सांगा, कारण ती त्याच्या शिक्षकांनी सांगितली असेलच असे नाही. आजोबांचा आक्षेप नवा नाही आणि अडाणीपणाचा तर मुळीच नाही. शिकागो नदीच्या उत्तर शाखेकाठी १९७७ मध्ये स्टीव्ह पॅकर्ड आणि त्यांच्याबरोबरच्या स्वयंसेवकांनी प्रेअरीचे उरलेसुरले तुकडे वाचवण्याचे काम सुरू केले. झुडपे काढणे, बी गोळा करणे आणि ते पुन्हा पेरणे असे ते काम होते. ते वाढत गेले, शेकडो लोक त्यात आले, आणि मग शेजारच्या वस्त्यांमधल्या रहिवाशांनी विचारायला सुरुवात केली की आमच्या घरामागची झाडे कोणाच्या परवानगीने तोडता, विषारी औषध का लावता, जंगल का जाळता. हा विरोध इतका वाढला की १९९६ मध्ये शिकागो ज्या कुक काउंटीत येते तिच्या मंडळाचे अध्यक्ष जॉन स्ट्रोगर यांनी तिथल्या फॉरेस्ट प्रिझर्व्हमधील पुनरुज्जीवनाचे काम थांबवले. काही ठिकाणी ही बंदी कित्येक वर्षे राहिली. ज्या शहरात हे काम रुजले त्याच शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांना जे पटायला वर्षे लागली, ते सोलापूरहून आलेल्या वृद्ध शिक्षकाला एका शनिवारी, मोटारीच्या खिडकीतून, पटावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्या वादातून अनेक स्वयंसेवी गट हेही शिकले की झाड कापण्याआधी वाटेवर फलक लावावा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या प्रश्नाला थांबून उत्तर द्यावे. तुमच्या मुलाच्या गटाने तसे केले असते, तर कदाचित हे पत्र मला आलेही नसते.

मात्र आजोबांना केवळ बकथॉर्नची माहिती देऊन भागणार नाही, असे मला वाटते. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाला कोणीतरी धक्का लावतो आहे, असे त्यांना वाटले असणार. त्यासाठी त्यांच्याशी प्रेअरीविषयी बोलावे, आणि ते बोलणे इलिनॉयपासून न करता सोलापूरपासून करावे.

सोलापूर, नगर, बारामतीकडचे माळ त्यांनी लहानपणापासून पाहिले आहेत. पावसाळ्यानंतर पवन्या आणि मारवेल कमरेपर्यंत वाढते, कुसळी धोतराला आणि पायजम्याला अडकते, काळविटांचे कळप दिसतात, हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले भोवत्या पक्षी गवतालगत तरंगत जातात. नान्नजच्या बाजूला त्यांच्या तरुणपणी माळढोकही दिसत असत. ही जमीन जंगल नष्ट होऊन उजाड झालेली नाही. ती मुळातच गवताची आहे. शासकीय दप्तरात मात्र अशा जमिनीची नोंद वर्षानुवर्षे पडीक म्हणून झाली, आणि १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू झाल्यापासून ‘मोकळी जागा दिसली की झाड लावावे’ ही गोष्ट आपल्या सर्वांच्या मनात पक्की बसली. त्या उत्साहात माळांवर गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही मध्य अमेरिकेकडची झाडेही लावली गेली. त्यांच्या सावलीत गवत विरळ झाले, आणि उघड्या माळावर राहणाऱ्या माळढोकाची आणि तणमोराची जागा आणखी आकसली. माळढोक कमी होण्याची कारणे अनेक आहेत, शिकार आणि वीजवाहक ताराही त्यांत येतात. तरीही माळावर चुकीच्या जागी लावलेले झाड हे त्यांतले एक कारण आहेच.

हे सांगताना अतिशय जपून सांगावे. शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, विहिरीजवळ, शेताच्या बांधावर मुलांकडून लिंब, वड, चिंच लावून घेणाऱ्या शिक्षकाने चांगलेच काम केले आहे, त्यात कमीपणा मानण्याजोगे काही नाही. प्रश्न फक्त ज्या जमिनीवर निसर्गतः गवत होते तिचा आहे. नातवाने हा मुद्दा आजोबांवर विजय मिळवण्यासाठी वापरू नये. त्याने त्यांना विचारावे की तुमच्या लहानपणी माळावर काय काय होते. मला खात्री आहे की त्याच्या शाळेतल्या कोणत्याही मार्गदर्शकापेक्षा आजोबांना कसदार गवत आणि निकस गवत यांतला फरक जास्त कळतो.

यात नात्याचा एक खरा धागाही आहे. तुमच्या मुलाच्या प्रेअरीत पुरुषभर उंचीच्याही वर जाणारे बिग ब्लूस्टेम आणि सोनेरी तुऱ्याचे इंडियन ग्रास असते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही गवते ज्वारी आणि ऊस ज्या गटात येतात त्याच गटातली आहेत. पवन्या, मारवेल आणि कुसळीही त्याच गटातली. ज्याने ज्वारीच्या रानात आयुष्य काढले, त्याला ही गवते परकी वाटण्याचे कारण नाही. तुमच्याच गावातील स्प्रिंगब्रुक प्रेअरीवर आजोबांना न्या. तिथे नॉर्दर्न हॅरिअर नावाचा पक्षी गवताच्या टोकांवरून ज्या पद्धतीने उडतो ती त्यांना चटकन ओळखू येईल, कारण तो इथला भोवत्याच आहे.

इलिनॉयमध्ये युरोपीय लोक येण्यापूर्वी सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. पोटावाटोमी आणि इतर मूळ रहिवासी ती ठरावीक काळाने जाळत, त्यामुळे झुडपे माजत नसत आणि गवताला बळ मिळे. मुळांचे जाळे इतके दाट होते की लाकडी आणि बिडाच्या नांगरांना ती चिकट काळी माती दाद देत नसे. १८३७ मध्ये याच राज्यातल्या ग्रँड डिटूर येथे जॉन डिअर या लोहाराने पोलादी नांगर बनवला, आणि त्यानंतर माणसाच्या एका आयुष्याच्या काळात बहुतेक सगळी प्रेअरी मक्याच्या शेतीखाली गेली. आज तिच्या मूळ स्वरूपात दर हजार एकरांमागे एक एकरसुद्धा उरलेला नाही. जे उरले ते रेल्वेमार्गाच्या कडेला, जुन्या दफनभूमीच्या कोपऱ्यात, नांगर पोहोचला नाही तिथे. आपल्याकडे देवराईत जसे जुने झाड टिकून राहते तसे इथे कबरींमध्ये गवत टिकून राहिले.

म्हणूनच मुलांचे हात इथे शोभेपुरते नाहीत. मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये १९३५ पासून प्रेअरी पुन्हा उभी करण्याचा जो पहिला मोठा प्रयत्न झाला, तो महामंदीत बेकार झालेल्या, सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी आपल्या हातांनी केला. आज कर्टिस प्रेअरी म्हणून ती ओळखली जाते. तुमच्या घराजवळच्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये १९६२ मध्ये रे शुलेनबर्ग यांनी सुरू केलेली प्रेअरीही बी गोळा करून, रोपे वाढवून आणि हाताने खुरपणी करून घडली. खुरपणी म्हटल्यावर आजोबांना पुढचे काही समजावून सांगावे लागणार नाही.

माझी सूचना अशी आहे की पुढच्या बी गोळा करण्याच्या शनिवारी आजोबांना मुलाबरोबर पाठवा. ऑक्टोबर हा बियांचाच महिना आहे आणि या कामाला करवत लागत नाही, आगही लागत नाही. वाकून कष्ट करावे लागत नाहीत, म्हणून वयस्कर माणसाला ते सोयीचे पडते. अल्पवयीन मुलांबरोबर एखादा मोठा माणूस असणे गटालाही हवेच असते. मुठीत तुरा धरून बी ओरबाडून पिशवीत घ्यायचे, जातीनुसार पिशव्या वेगळ्या ठेवायच्या, आणि एका जागेचे सगळे बी कधीच घ्यायचे नाही. परवानगीशिवाय फॉरेस्ट प्रिझर्व्हमधून काहीही तोडता येत नाही, हेही आजोबांना आधी सांगून ठेवा. रानात दिसलेली चांगल्या वाणाची कणसे खिशात घालण्याची आपल्या जुन्या माणसांची सवय मला ठाऊक आहे. गोळा केलेले बी वाळवून, साफ करून, बहुतेक ठिकाणी हिवाळ्याच्या तोंडाशी किंवा बर्फावरही फेकून पेरतात, कारण यांतल्या पुष्कळ जातींना काही आठवडे थंडी आणि ओल मिळाल्याशिवाय कोंब येत नाही. ज्या मोकळ्या जागेत बी टाकले जाते, ती अनेकदा आदल्या वर्षी बकथॉर्न तोडून मोकळी केलेलीच असते. हे आजोबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर त्या पेटलेल्या ढिगाचा अर्थ कोणी वेगळा समजावायची गरज उरणार नाही.

आता तुमच्या काळजीविषयी. ती रास्त आहे, पण तिच्या क्रमात मी बदल करीन, कारण तुमच्या मुलाला खरा धोका गोचिडाचा आहे. लाइम रोग पसरवणारे काळ्या पायांचे गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरातही सक्रिय असतात. लांब पँट मोज्यांत खोचून जावे, घरी आल्याबरोबर कपडे वेगळे करून अंघोळ करावी, आणि काखा, जांघा, गुडघ्यांमागची बाजू, केसांच्या कडा नीट तपासाव्यात. चिकटलेला गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावा. त्यावर तेल किंवा तूप लावत बसू नये. नंतरच्या काही आठवड्यांत पसरत जाणारा लाल चट्टा दिसला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना गोचिडाचा उल्लेख करून दाखवावे. उन्हाळ्यात वाइल्ड पार्सनिप नावाच्या पिवळ्या फुलांच्या झाडापासूनही जपावे, कारण त्याचा रस अंगाला लागून वर ऊन पडले की भाजल्यासारखे फोड येतात.

तणनाशक हे बकथॉर्नच्या बुंध्याला लावावेच लागते, नाहीतर तोडलेल्या खोडातून एकाऐवजी पाच धुमारे फुटतात. पण ते लावण्याचे काम प्रशिक्षित, परवानाधारक प्रौढांचे आहे. विद्यार्थ्यांनी बाटलीला हातही लावू नये. तुमच्या मुलाच्या गटात तसे घडत असेल, तर तिथल्या प्रमुखांकडे तुम्ही स्पष्ट हरकत घ्यावी. आगीचेही तसेच. प्रेअरी मुद्दाम जाळण्याचे काम प्रशिक्षित पथक वाऱ्याची दिशा आणि हवेतली आर्द्रता पाहून करते, त्यात शाळकरी मुले नसतात. तुम्ही पाहिला तो फांद्यांचा ढीग होता. मुलांनी फांद्या ओढून आणाव्यात, ढिगावर टाकण्याचे काम मोठ्यांनी करावे, आणि अशा दिवशी मुलाने नायलॉनचे जाकीट न घालता सुती किंवा लोकरी कपडे घालावेत. ठिणगी पडली की नायलॉन वितळून अंगाला चिकटते. हातमोजे आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा असायलाच हवा.

अंगणाच्या बाबतीत मी मुलाच्या बाजूने आहे, पण पूर्ण लॉन काढण्याच्या बाजूने नाही. दहा फूट बाय दहा फूट एवढा उन्हातला कोपरा त्याला द्यावा. त्याआधी तुमच्या गृहसंघटनेचे आणि नगरपालिकेचे गवताच्या उंचीविषयीचे नियम वाचावेत आणि शेजाऱ्यांना कल्पना द्यावी. कडेने विटांची ओळ किंवा कापलेल्या गवताची पट्टी ठेवली की ते रान माजलेले दिसत नाही, लावलेले दिसते. उंच बिग ब्लूस्टेमऐवजी लिटल ब्लूस्टेम, जांभळे कोनफ्लॉवर आणि मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांसाठी मिल्कवीड एवढ्यावर सुरुवात करावी. नेपरव्हिलमध्येच द कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन ही संस्था आहे. घरगुती देशी बागांसाठीच्या तिच्या ‘कॉन्झर्व्हेशन ॲट होम’ या कार्यक्रमाचा सल्ला जरूर घ्यावा. बी किंवा रोप रानातून आणू नये, देशी रोपांच्या रोपवाटिकेतून विकत घ्यावे. मुलाला एक मात्र आधीच सांगून ठेवा: पहिल्या दोन वर्षांत वर फारसे काही दिसत नाही, कारण ही झाडे आधी मुळे खाली घालतात. कम्पास प्लांटसारख्या झाडाची मुळे पंधरा फुटांपर्यंत जातात आणि त्याला फूल यायला कित्येक वर्षे लागतात. त्या काळात खुरपणी करायची असते, आणि ती आईच्या वाट्याला येणार नाही हे आत्ताच ठरवून घ्या.

राहिले तुमच्या यजमानांचे म्हणणे. सेवातास मोजून काम थांबवण्याची पद्धत या क्षेत्रातल्या लोकांची सर्वांत मोठी डोकेदुखी आहे. शरद ऋतूत अर्ज भरण्याच्या आधी मुलांची गर्दी होते आणि वसंतात गार्लिक मस्टर्ड नावाचे तण उपटायला माणूस मिळत नाही. ते बी धरण्याआधी उपटले नाही तर आधीच्या वर्षाचे कष्ट बरेचसे वाया जातात. म्हणून मी तडजोड सुचवते. परीक्षेच्या आधीचे दोन-तीन महिने त्याने महिन्यातून एकच शनिवार द्यावा, पण तो ठरलेला द्यावा आणि त्याच एका जागेवर द्यावा. तिथल्या प्रमुखांकडे त्याने एखादी लहान जबाबदारी मागून घ्यावी, जसे एका तुकड्यातल्या रोपांची दरवर्षी मोजणी करणे किंवा नव्या मुलांना बकथॉर्न आणि देशी झुडूप यांतला फरक दाखवणे. शिकागो बोटॅनिक गार्डनच्या ‘प्लांट्स ऑफ कन्सर्न’ या उपक्रमात २००१ पासून स्वयंसेवक दुर्मीळ वनस्पतींची अशीच नोंद ठेवतात. वय आणि प्रशिक्षणाच्या अटी विचारून पुढे त्याला तिकडेही वळता येईल. महाविद्यालयाच्या अर्जात अनेक ठिकाणी विखुरलेल्या दीडशे तासांपेक्षा एका जागी दोन-तीन वर्षे केलेल्या कामाविषयी त्याला लिहिण्यासारखे पुष्कळ असेल, हे यजमानांना त्यांच्याच भाषेत सांगता येईल.

बी गोळा करण्याचा दिवस सहसा गटाच्या वेळापत्रकात लिहिलेला असतो. मुलाला आजच ते पाहायला सांगा आणि आजोबांच्या मापाचे हातमोजे आणून ठेवा, कारण गटाकडे असतात ते बहुधा मुलांच्या मापाचे असतात.